एकोणीस नंबरची जर्सी

27 ऑगस्ट 2024, मंगळवार, रात्र
ओव्हरलँड पार्क, कॅन्सस

आज दुपारी तीनच्या आत अमेरिकी फुटबॉलमधल्या सर्व 32 संघांना आपापली यादी 90 खेळाडूंवरून 53 वर आणायची होती, आणि आमच्या कॅन्सस सिटी चीफ्सने ज्यांना वगळले त्यांत रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या कडेरियस टोनीचे नाव होते. या दोनचार दिवसांत देशभरात हजाराहून अधिक खेळाडूंचे काम सुटते आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे बाहेर कोणाला ठाऊकही नसतात. टोनीचे नाव मात्र या शहरात शाळकरी मुलांच्या तोंडी आहे, त्यामुळे आज जेवताना आमच्याकडे दुसरा विषय निघालाच नाही.

माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे सरळ होते. "ताई, याला डिसेंबरातच नारळ द्यायला हवा होता," असे तो पहिल्या घासालाच म्हणाला. शेजारचे काका जेवायला होते, त्यांना ते अजिबात रुचले नाही. "ज्याच्या जिवावर सुपर बोल जिंकलात, त्याला दीड वर्षात दारात उभे करायचे नाही, ही कुठली रीत?" असे विचारून त्यांनी वाटी बाजूला सारली. वाद चांगला तासभर चालला. मी फारसे बोलले नाही, कारण मला जे म्हणायचे होते ते त्या दोघांच्याही बाजूचे नव्हते. म्हणून ते इथे लिहिते आहे.

काका ज्या रात्रीविषयी बोलत होते ती 12 फेब्रुवारी 2023 ची, सुपर बोलची, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याची. मध्यंतराला समोरचे फिलाडेल्फिया ईगल्स 24-14 असे पुढे होते. चौथ्या सत्राच्या सुरुवातीला टोनीने पाच यार्डांवरून टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेला, आणि आम्ही 28-27 असे पुढे गेलो. पाठोपाठ ईगल्सने लाथाडून दूर पाठवलेला चेंडू, म्हणजे पंट, झेलून तो 65 यार्ड धावत सुटला. सुपर बोलच्या इतिहासात पंट परतवताना इतके अंतर कोणी कापलेले नव्हते. तो ईगल्सच्या पाच यार्डांच्या रेषेपाशी पडला तेव्हा याच खोलीत आम्ही सगळे उभे राहून ओरडत होतो. सामना 38-35 असा जिंकला आणि त्याच आठवड्यात मी माझ्या मुलासाठी एकोणीस नंबरची लाल जर्सी घेऊन आले.

भाऊ बोलत होता तो पुढचा हंगाम. 7 सप्टेंबर 2023 ला, हंगामाच्या पहिल्याच रात्री, डेट्रॉइट लायन्सविरुद्ध टोनीच्या हातून झेल सुटत गेले. एक चेंडू तर त्याच्या हातांवर आदळून वर उडाला, तो लायन्सच्या ब्रायन ब्रांचने टिपला आणि थेट टचडाउन केला. आम्ही 21-20 असे, म्हणजे एका गुणाने हरलो. मग 10 डिसेंबरला बफेलो बिल्सविरुद्ध अखेरच्या दीड मिनिटात आमच्या ट्रॅव्हिस केल्सीने झेललेला चेंडू मागे टोनीकडे फेकला, टोनी तो घेऊन टचडाउनपर्यंत पोहोचला आणि ॲरोहेड स्टेडियम दणाणून गेले. पण जमिनीवर पंचांचे पिवळे फडके, म्हणजे नियमभंगाची खूण, पडलेले होते. खेळी सुरू होण्यापूर्वीच टोनीचा पाय चेंडूच्या रेषेपुढे होता. टचडाउन रद्द झाला, सामना आम्ही 20-17 असा हरलो. पुढच्या आठवड्यानंतर तो या संघाकडून पुन्हा खेळला नाही. गेल्या फेब्रुवारीत लास वेगासला जिंकलेला सुपर बोलही त्याच्याविनाच झाला.

मला वाटते, आम्ही चाहत्यांनी दोन्ही वेळा हिशेब चुकवला. त्या 65 यार्डांत ईगल्सचा पंट खाली, सपाट आला होता आणि टोनीपुढे आमच्या गड्यांनी भिंत उभी केली होती. ते सगळे यश आम्ही एकट्या टोनीच्या नावावर मांडले आणि त्याला यापुढे हे नेहमीच जमेल असे धरून चाललो. बिल्सविरुद्ध संघाने एकूण 17 च गुण केले होते, तरी तो पराभवही आम्ही त्याच्या एका पावलावर लादला. मीसुद्धा त्या रात्री त्याच्याविषयी जे बोलले ते मुलासमोर बोलायला नको होते.

तरीही त्याला वगळणे योग्यच होते, आणि त्याचे कारण या दोन रात्रींच्या पलीकडचे आहे. न्यूयॉर्क जायंट्सने 2021 मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत, विसाव्या क्रमांकावर निवडलेला हा मुलगा; पहिल्याच वर्षी डॅलसविरुद्ध त्याने दहा झेलांत 189 यार्ड मिळवले होते. पण तीन हंगामांतल्या 51 सामन्यांपैकी तो जेमतेम 32 खेळला. मागच्या वर्षी सरावशिबिराच्या सुरुवातीलाच गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि सराव न होताच तो लायन्ससमोर उभा राहिला. हंगामाअखेर त्याच्या नावावर 27 झेल आणि 169 यार्ड होते.

सरावाचे महत्त्व मला या उन्हाळ्यात मागच्या अंगणात कळले. मुलगा शाळेच्या संघात जायची तयारी करतो आहे, आणि चेंडू फेकायला कोणी नसले की मला बोलावतो. त्याने मला दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जुळवून त्रिकोण करायला शिकवले, चेंडूचे टोक त्या त्रिकोणात येऊ द्यायचे आणि काखेत दाबेपर्यंत नजर हलवायची नाही, हे दहादा बजावले. तरी स्वतःभोवती फिरत येणारा तो लांबट चेंडू माझ्या बोटांना चाटून जातोच. उजवी करंगळी दोन दिवस सुजली होती. धावताना पुढे पाहायची एवढी घाई होते की हातात चेंडू यायच्या आधीच नजर निघून जाते. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर फलंदाज वाचतो. इथे सुटलेला झेल हवेत तरंगतो आणि समोरच्याच्या हाती पडतो. शिवाय आमच्या पॅट्रिक मॅहोम्ससारखा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, रिसीव्हर वळण्यापूर्वीच, तो जिथे पोहोचणार त्या जागी चेंडू सोडतो. तिथे आणि त्या क्षणी तो असेलच, ही खात्री रोजच्या सरावातून येते. ज्याला सराव करायला शरीर साथ देत नाही, त्याच्याबद्दल ती खात्री कोणी कशी बाळगावी? यंदा झेवियर वर्दी हा नवा रिसीव्हर आला आहे, कालच जुना रिसीव्हर जुजू स्मिथ-शूस्टर परतला आहे. जागा मोजक्याच आहेत.

काका निघताना मी त्यांना एवढेच म्हणाले, की काका, त्याचे उपकार आपण चाहत्यांनी जरूर मानावेत, पण त्यापोटी संघाने जागा अडवून ठेवू नये. त्यांना ते पूर्ण पटले नाही, पण चपला घालता घालता त्यांनी मान हलवली.

टोनीचे चार हंगाम भरलेले नसल्याने नियमाप्रमाणे उद्या सकाळी अकरापर्यंत दुसरा कोणताही संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतो. कोणी सांगेल का, हे मुलाने झोपण्यापूर्वी मला तीनदा विचारले. शुक्रवारी शहरभर लोक चीफ्सच्या रंगाचे लाल कपडे घालतात. या शुक्रवारी काय घालशील असे विचारले, तर त्याने काहीच उत्तर दिले नाही. आत्ता धुलाई यंत्र लावायला गेले, तेव्हा कपड्यांच्या ढिगात वरच एकोणीस नंबर होता, उलटा करून नीट ठेवलेला, कारण सुलटा धुतला की आकडे सोलतात हे मीच त्याला सांगितले होते.