अवजारांचं कपाट

धाब्याचं घर पाडलं तेव्हा माती शेतात गेली, दगड नव्या जोत्यात गेले आणि सागाच्या तुळया गोठ्यात आडव्या पडून राहिल्या. अमळनेरचा एक व्यापारी भाव सांगून गेला. शेजारचे आबा म्हणाले, "इकी टाक भो." विकल्या नाहीत.

मेमधली दुपार, बाहेर ४४ अंश, त्यात लाइट गेलेली. सहज एका तुळईवर रंधा फिरवला. चुलीच्या धुराचा काळा थर सुटला, खाली पिवळंधमक लाकूड निघालं, आणि वास! सागातलं तेल इतक्या वर्षांनीही जागं असतं. वाळवी उगाच नाही सागाला टाळत.

त्या वासासरशी मी थेट लहानपणीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला पोचलो. पोरी झोक्यावर, आणि आम्ही पोरं सुताराभोवती. पेरणीआधी तिफणी, वखर नीट करून घ्यायची त्याच्याकडे रांग. ढलप्या वेचायला परवानगी, पण पटाशीला हात लावला तर खैर नाही. त्याची सगळी अवजारं एका गोणपाटात असायची. वर न बघता तो हात घालायचा आणि हवं तेच बाहेर यायचं.

मला मात्र कपाट लागतं. लोहचुंबक फिरवून तुळईतले खिळे हुडकले, वखारीतून फळ्या चिरून आणल्या. सागात सिलिका असते, त्यामुळे पात्याची धार बघता बघता जाते. रंध्यापेक्षा पाथरीवरच जास्त वेळ गेला. दाराची फळी चौकटीच्या खाचेत मोकळीच ठेवली, सरस लावला नाही. आपल्याकडे लाकूड उन्हाळ्यात आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं. जखडून ठेवलं तर तडकतं.

आता आत करवत, गिरमिट, गुण्या, कानस, प्रत्येकाची ठरलेली जागा. मागे पेन्सिलीने आकारसुद्धा काढलेत. घरातले हसतात. हसोत बापडे, पेचकस नेतात आणि फ्रिजवर ठेवतात, त्यांना काय कळणार?

लाकूड तासायच्या वाकसाला तेवढी जागा ठेवली नाही. तिफणी आता लोखंडी, वेल्डिंगवाल्याकडे जातात. सुताराची पोरं सुरतेला. वाकस घेऊन ठेवला, तरी तो धरायचा कसा हे विचारायला गावात कोणी नाही.