खोलीत ऐकलेलं वर्ष

28 डिसेंबर 2025, रविवार
फोंडा

आमच्या गोव्यातल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोंऽ पोंऽने जाग आली. बाबांना चहा आणि उंडो पाव दिला, पुढच्या दाराशी ऊन आलं होतं तिथे त्यांची खुर्ची सरकवली आणि वही घेऊन बसले. वर्षभर काय ऐकलं याची नोंद डिसेंबरात करायची, ही माझी जुनी सवय. यंदाची यादी लहान आहे. जानेवारीत ठरवलं होतं की अल्बम ऐकायचा तर पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, बसून. हातात भाजी निवडायला नाही, फोन दुसऱ्या खोलीत. असं ऐकायला लागल्यावर पुष्कळशा गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यालाच गळून पडल्या. पाच उरल्या.

सगळ्यांत जिवाजवळचा झाला तो मालीच्या सालिफ केइतांचा ‘सो कोनो’. त्यांच्या भाषेत याचा अर्थ ‘खोलीत’. केइता 1949 चे. तेराव्या शतकात मालीचं साम्राज्य उभं करणाऱ्या सुंदियाता केइताच्या घराण्यातले. त्या समाजात गाणं हे ग्रिओ लोकांचं पिढीजात काम, राजाच्या कुळातल्या मुलानं गायचं नाही. त्यात हा मुलगा जन्मला तो अल्बिनो, म्हणजे कातडीला जन्मतः रंगच नसलेला, आणि अशा मुलाला तिथे अपशकुनी समजत. म्हणजे घराला तो दोन्ही बाजूंनी नकोसा. तो बामाकोला गेला, तिथल्या बारमध्ये गायला लागला आणि पुढे सगळ्या जगाला माहीत झाला.

मला माहीत होता तो 1987 च्या ‘सोरो’मधला केइता. सिंथेसायझर, ब्रास, कोरस, आणि या सगळ्यावरून भाल्यासारखा फेकलेला आवाज. 2018 साली त्यांनी एक अल्बम काढला आणि हा शेवटचा, असं सांगून टाकलं. मग 2023 मध्ये ते जपानात क्योतोला एका महोत्सवासाठी गेले. तिथे हॉटेलच्या खोलीत गिटार घेऊन बसले आणि गायले. यंदा एप्रिलमध्ये आलेला अल्बम तो हाच.

मी तो पहिल्यांदा नीट ऐकला जुलैत. त्या संध्याकाळी पाऊस कौलांवर नुसता कोसळत होता आणि साडेसातला लाईट गेली ती दहापर्यंत आली नाही. लहान स्पीकर चार्ज होता. बाबांच्या खोलीत मेणबत्ती लावली आणि तिथेच बसून लावला. बोट एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तारेवर घासतं, तो बारीकसा आवाज ऐकू येतो. ओळ सुरू करण्याआधी माणूस श्वास घेतो, तो ऐकू येतो. आवाजाची जुनी धार झिजली आहे. पण वर जाताना तो जिथे किंचित फाटतो, तिथेच काहीतरी उघडं पडतं. आमच्या देवळात सप्ताहाच्या शेवटच्या पहाटे म्हातारे बुवा भैरवीला असेच गातात. रात्रभर गाऊन गळा बसलेला असतो, पण त्या वेळी कोणी उठून जात नाही.

तिसऱ्या गाण्याला बाबांनी विचारलं, “कोण गे हो?”

मी म्हटलं, “आफ्रिकेतलो, बाबा. मालीचो.”

थोड्या वेळानं म्हणाले, “बरो गायता. घाई ना ताका.”

सालिफ केइतांविषयी मी जे काही वाचलं, त्यातलं कुठलंच वाक्य मला याहून पटलेलं नाही. घाई नाही त्याला.

दुसरा अल्बम गायिका गणव्याचा ‘निलम’. तमिळमध्ये निलम म्हणजे जमीन. ही मुलगी तमिळनाडूत वाढली, हरिकथेच्या परंपरेत शिकली, आणि अल्बम निघाला तो बर्लिनच्या लायटर या कंपनीकडून. त्यातल्या एका गाण्याचं नाव वाचलं आणि मी दोनदा डोळे चोळले: ‘पसायदान’.

पसायदान मला कधीपासून येतं ते मला सांगता येणार नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी रांगेत उभं राहून, एका दमात, शेवटची ओळ संपली की पळायचं, असं ते तोंडात बसलेलं. नंतर कानात बसलं ते लताबाईंचं. त्यांचं मूळ गाव मंगेशी इथून जवळच, त्यामुळे आमच्याकडे त्या आवाजाला घरातलाच आवाज समजतात. या दोन्हींच्या पलीकडे पसायदानाला तिसरा सूर असू शकतो, असं मनात आलंच नव्हतं. आणि इथे आजूबाजूला जवळजवळ काही नाही, शब्द एकेक करून खाली ठेवल्यासारखे येतात. मराठी ही तिची घरची भाषा नाही. म्हणूनच बहुधा ती शब्दांना इतकं जपून हात लावते. आपण जे पाठ असतं ते ऐकत नाही, ते नुसतं म्हणतो. 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण करताना मागितलेलं ते मागणं मी यंदा मे महिन्यात पहिल्यांदा ऐकलं, असंच म्हणायला हवं. स्वतःसाठी त्यात एकही ओळ नाही हे मला माहीत होतं. पण ते अंगावर आलं ते या वेळी.

मग ‘टिअर्स ऑफ इन्जस्टिस’. नायजरचा मदू मोक्तार हा सहारातल्या तुआरेग जमातीचा गिटारवाला, पहिली गिटार त्यानं घरी बनवली आणि तिला सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. 2023 च्या जुलैत तो आणि त्याचे साथीदार अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना मागे देशात लष्करानं सत्ता घेतली आणि परतीची वाट बंद झाली. अडकून पडलेल्या त्या दिवसांत ब्रुकलिनमध्ये बसून त्यांनी आपलाच आधीचा वादळी अल्बम पुन्हा वाजवला, या वेळी विजेच्या गिटारी बाजूला ठेवून. शब्द तेच, पण आधीचा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ राग आहे, आणि हा त्या रागानंतरचं रडू.

मला हा इतका लागला त्याला कारण आहे. 2020 च्या टाळेबंदीत माझा मामेभाऊ जहाजावर अडकला होता. आमच्याकडे प्रत्येक वाड्यावर एखादा तरी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, असतोच, त्या वर्षी कितीतरी घरांत हेच चाललं होतं. बंदर समोर दिसायचं, उतरू देत नव्हते. कोण उतरू देत नाही आणि का, हे मामीला शेवटपर्यंत कोणी धड सांगितलं नाही. तो फोनवर फार बोलायचा नाही. केबिनमध्ये हळू आवाजात काहीतरी गुणगुणायचा आणि मामी फोन कानाला लावून तेवढंच ऐकत बसायची. मोक्तारचं तमाशेक भाषेतलं गाणं ऐकताना मला एक शब्दही कळत नाही, पण त्या आवाजाची पट्टी मला ओळखीची आहे.

मुलातू अस्तात्के यांच्या ‘मुलातू प्लेज मुलातू’बद्दल थोडंच लिहिते, कारण तो आनंदाचा अल्बम आहे आणि आनंदाबद्दल मला लांबवता येत नाही. इथिओपियाचे हे व्हायब्राफोनवादक ऐंशी ओलांडून आपल्याच जुन्या रचना पुन्हा वाजवतात, सोबत क्रार, मसेन्को अशी तिकडची वाद्यं. त्यांच्याकडे तिझिता नावाची एक स्वरमाला आहे, नावाचा अर्थ आठवण. शुद्ध गंधाराची तिझिता मी पेटीवर काढून पाहिली: सा रे ग प ध. आपला भूप. आपल्याकडे भूप संध्याकाळी दिवा लागताना येतो, त्यांच्याकडे आठवणीच्या नावानं. मी पेटी बंद केली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

अनुष्का शंकरच्या ‘वुई रिटर्न टू लाइट’ची मी वाट पाहत होते. तीन भागांतला हा शेवटचा, अंधारातून उजेडाकडे येणारा. सतार तेजस्वी आहे, सारथी कोरवारचे ठेके सुरेख आहेत. पण चार वेळा ऐकूनही तो माझ्याकडे राहायला आला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा ऐकेन.

या सगळ्याला ‘वर्ल्ड म्युझिक’ म्हणतात, आणि ते नाव मला दरवर्षी खटकतं. 1987 साली लंडनच्या एका पबमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. दुकानात या तबकड्या कुठल्या फळीवर ठेवायच्या हा त्यांचा प्रश्न होता, त्यावर हा शब्द त्यांनी पक्का केला. फळीचं नाव म्हणून ठीक. पण त्याच्या दहा वर्षं आधी, 1977 साली, अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी चढवली, तिच्यावर बाख आहे, जावाचा गामेलान वाद्यवृंद आहे, जॉर्जियाचं समूहगान आहे, आणि याच फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर आहेत, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटं भैरवी. तिथे कुणाला वेगळी फळी नाही. व्हॉयेजर-1 हे यान 5 सप्टेंबरला उडालं आणि केसरबाई 16 सप्टेंबरला गेल्या. आज ते यान सुमारे 25 अब्ज किलोमीटरवर आहे. केरीच्या रस्त्यानं जाताना मी अजूनही दर वेळी मनात हा हिशेब करते.

एक नोंद राहिली. ती कुठल्या अल्बमात नाही.

यंदा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 27 ऑगस्टला होती. बाबांचा उजवा हात दोन वर्षं थरथरतो, त्यामुळे घुमट, मातीच्या माठाला कातडं ताणलेलं आमचं वाद्य, आता भाऊ वाजवतो. दुसऱ्या रात्रीच्या आरतीला बाबांनी हात पुढे केला, काही न बोलता. पावसाळी हवेनं कातडं सैल पडलं होतं, भावानं ते समईशी धरून तापवलं, बोटानं ठोकून पाहिलं आणि त्यांच्या मांडीवर दिलं. घोरपडीच्या कातड्याचं जुनं घुमट त्यांनी बंदी आल्यावर कधीच उतरवलं. हे बकऱ्याच्या कातड्याचं, पण माठ तोच, आजोबांचा. उजव्या हाताची थाप नीट पडेना. पण डावा तळवा मागच्या लहान तोंडावर झाकत-उघडत होता आणि त्यातून तो खोल, पाण्यात बुडल्यासारखा घुमारा बरोब्बर निघत होता. शामेळ हा ढोल वाजवणाऱ्या पोरानं आपली लय त्यांच्यासाठी उतरवली. कांसाळं, म्हणजे झांजा, वाजवणाऱ्यानंही. सगळी आरती त्यांच्या हाताच्या वेगानं चालली.

मी फोनवर ते घेतलं, चार मिनिटं अकरा सेकंद. गणपतीवरच्या माटोळीला टांगलेल्या सुपाऱ्या हलतात तो आवाज त्यात आहे, काकीचं चुकीच्या जागी शिरणं आहे, आणि शेवटी बाबा घुमट खाली ठेवतात तो मातीचा ठक्क आवाज आहे.

आत्ता खुर्चीतून विचारतायत, तो मालीचो म्हातारो परत लावशी मगे? लावते.