धरण भरलंय, मग नळाला पाणी का नाही?

जळगावला पाणी देणारं वाघूर धरण भरलं की शहरात हा प्रश्न हमखास येतो. तापीवरून पाणी आणणाऱ्या धुळ्यातही तोच. पाणी कुणीतरी मुद्दाम अडवून ठेवलंय, असा त्यात संशय असतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

2011च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या 4,60,228 होती. माणशी रोज 135 लिटर धरले तर सुमारे 6 कोटी 20 लाख लिटर लागतात. भरलेल्या धरणाला हे जड नाही. अडतं ते पुढे. जलवाहिनी 30 वर्षांनंतरच्या लोकसंख्येचा अंदाज धरून टाकतात, पंप 15 वर्षांच्या. वस्ती मात्र त्या अंदाजाला बांधलेली नसते. कालचं कपाशीचं वावर बिनशेती होतं, प्लॉट पडतात आणि आधीच्या कॉलनीच्या शेवटच्या 4 इंची पाइपलाच पुढची कॉलनी जोडली जाते. तिथे 6 इंची असता तर तेवढ्याच दाबात जवळजवळ तिप्पट पाणी गेलं असतं.

आता पाणी सोडण्याच्या पाळीच्या दिवशी त्या पाइपात काय होतं ते बघा. शहरातलं जाळं सरासरीच्या दोन-तीन पट प्रवाह पेलेल असं बसवतात. दिवसाआड दोन तास पाणी सोडायचं म्हटलं, तर दोन दिवसांचं पाणी त्या दोन तासांत जायला हवं, म्हणजे सरासरीच्या 24 पट. प्रवाह दुप्पट झाला की दाबाची तूट साडेतीन पटीहून जास्त होते. त्यामुळे व्हॉल्व्ह उघडला की आधी हवा सुटते, मग गढूळ पाणी, आणि टाकीजवळची घरं हौद भरून घेतात. शेवटच्या घराला करंगळीएवढी धार. मग तो माणूस नळाला थेट मोटर लावतो. त्याच्यावर मला रागावता येत नाही, पण मोटरीने पाइपात उलटी ओढ तयार होते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यात सांधे हललेले असतात. असा सांधा गटारीलगत असला की गटारीचं पाणी आत खेचलं जातं. टोकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. ते या घाणीतच संपतं. कॉलनीत जुलाब, कावीळ सुरू झाली की लोक धरणाच्या पाण्याला दोष देतात.

मग सगळा दोष वाढत्या वस्तीचा? नाही. कोणता पाइप कुठून जातो हे कित्येक ठिकाणी नकाशावर नसून जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतं. गळती मोजली जात नाही, कारण मीटरच नाहीत. ही यंत्रणेची कसूर आहे, मी ती झाकणार नाही.

उंच टाक्या वाढवा, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. आजही म्हणतो. पण खालचे पाइप तेच राहिले तर टाकी भरलेली आणि नळ कोरडा, असंच होईल. रोज थोडं पाणी दिलं तर हौदांची गरज कमी होईल, मोटरी हटतील. मात्र त्यासाठी सुरुवातीला कुणाची तरी पाळी कापावी लागते. गावठाणाची कापायची की नव्या कॉलन्यांची, यावर पाणीपुरवठ्याचं काम बघणाऱ्या आमच्यात आजही वाद होतात. घरपट्टी तर दोघंही भरतात.