सातबारा कोरा आहे म्हणे

"कारखाना बंद पडून जमाना झाला, आता कसलं प्रदूषण?" कुपवाडला प्लॉट दाखवताना एजंट आज सहज बोलून गेला.

शेजारच्या काकूंनी काही न बोलता बोअरखालची बादली तिरकी करून दाखवली. आत पिवळट कड धरलेली. "धुण्या-भांड्याला घेतो बाबा. प्यायला नाही."

त्या कारखान्यात पूर्वी प्लेटिंग, म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा द्यायचं काम चालायचं. त्यातलं क्रोमियम जमिनीत मुरतं, भूजलाबरोबर सरकत राहतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम. आणि पाणी उकळून धातू जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतंच.

एजंटला मात्र घाई टोकनची!

सातबारा, एनए, सर्च रिपोर्ट सगळं मागतो आपण. बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट कुणी मागितलाय का कधी?