रिलीजचा टॅग मेनमध्ये मर्ज करताना

गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) वापरताना जुन्या रिलीजवर तातडीची दुरुस्ती झाली, व्ही२.४.१ असा टॅग (इतिहासातल्या एका ठिकाणाला दिलेलं नाव) लागला, बिल्ड बाहेर गेली. काम तिथे संपत नाही. तो टॅग मेनमध्ये (कामाच्या मुख्य ब्रांचमध्ये, म्हणजे शाखेत) मर्ज झाला नाही, म्हणजे त्याचा इतिहास तिथे जोडला गेला नाही, तर २.५ मध्ये तोच बग पुन्हा डोकं वर काढतो. आणि मर्ज म्हणजे मर्जच, चेरी-पिक (एकेक बदल उचलून नव्याने लावणं) किंवा स्क्वॉश (सगळे बदल एकात दाबून आणणं) नव्हे.

चेरी-पिकने बदल येतो, पण कमिटचा (नोंदलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, नवा होतो. मग 'गिट टॅग --मर्ज्ड मेन' चालवलं की मेनमध्ये आलेल्या टॅगच्या यादीत व्ही२.४.१ दिसत नाही आणि दुरुस्ती आत आहे की नाही हे डोळ्यांनी शोधत बसावं लागतं. स्क्वॉशमध्ये कोड येतो, वंशावळ येत नाही. पुढे व्ही२.४.२ मर्ज करायला गेलात की गिट मर्ज-बेस (दोन्ही शाखांचा सामाईक पूर्वज) म्हणून पुन्हा व्ही२.४.० च्या आसपासचाच कमिट धरतो, आणि एकदा सोडवलेले कॉन्फ्लिक्ट (एकमेकांना भिडलेले बदल) परत सोडवावे लागतात.

मर्जआधी टॅगचा प्रकार बघा: 'गिट कॅट-फाइल -टी व्ही२.४.१'. उत्तर 'टॅग' आलं तर तो अ‍ॅनोटेटेड, 'कमिट' आलं तर लाइटवेट. पहिल्याला स्वतःचा मेसेज असतो, दुसरा म्हणजे नुसतं नाव. रिलीजला अ‍ॅनोटेटेडच लावावा. 'गिट डिस्क्राइब' (जवळच्या टॅगवरून कमिटला नाव देणारी कमांड) आपणहून फक्त तेच टॅग बघतो, आणि 'गिट पुश --फॉलो-टॅग्ज' सुद्धा तेवढेच पाठवतो.

मग सर्व्हरवरचे टॅग आणायला 'गिट फेच --टॅग्ज'. इथे 'वुड क्लॉबर एक्झिस्टिंग टॅग' (असलेला टॅग पुसला जाईल) अशी तक्रार आली तर लगेच --फोर्स मारू नका. गिट २.२० पासून ही आडकाठी मुद्दाम ठेवलेली आहे. तुमच्याकडचा आणि सर्व्हरवरचा टॅग वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, म्हणजे कुणीतरी टॅग हलवला आहे. 'गिट एलएस-रिमोट --टॅग्ज ओरिजिन' मध्ये त्या टॅगच्या दोन ओळी दिसतील. पहिली टॅग ऑब्जेक्टची, आणि शेवटी ^{} असलेली दुसरी ओळ खऱ्या कमिटची. ती दुसरी ओळ 'गिट रेव्ह-पार्स व्ही२.४.१^{}' च्या उत्तराशी ताडून बघा. बाहेर गेलेला टॅग हलवणं ही वाईट सवय आहे. चुकलं असेल तर व्ही२.४.२ काढावा, जुन्याला हात लावू नये.

आता 'गिट लॉग --वनलाइन मेन..व्ही२.४.१' चालवा; टॅगमध्ये आहेत पण मेनमध्ये नाहीत असे कमिट दिसतील. तीन कमिट अपेक्षित असताना तीनशे दिसले तर टॅग भलत्याच ब्रांचवर लागलाय, तिथेच थांबा. यादी पटली की मेनवर येऊन 'गिट मर्ज व्ही२.४.१'. व्ही२.४.१ नावाची ब्रांचही असेल तर संदिग्ध नावाचा इशारा येतो आणि गिट टॅग उचलतो. तरी अशा वेळी 'रेफ्स/टॅग्ज/व्ही२.४.१' असं पूर्ण नाव द्यावं. मर्ज कमिटच्या मेसेजमध्ये टॅगचा मेसेज आपोआप येतो. टॅग सही केलेला असेल तर ती सहीसुद्धा मर्ज कमिटमध्ये जपली जाते. ब्रांचचं टोक मर्ज करण्यापेक्षा टॅगच मर्ज करावा, याचं हे एक चांगलं कारण. दुसरं कारण असं की टोकावर रिलीजनंतरचं अर्धवट काम असू शकतं.

कॉन्फ्लिक्ट बहुतेक वेळा एका ठिकाणी ठरलेलाच असतो: व्हर्जन नंबरची फाइल. मेनवर २.५.०-डेव्ह, टॅगवर २.४.१. इथे '-एस अवर्स' वापरणं घातक. ती स्ट्रॅटेजी समोरचे सगळेच बदल टाकून देते, दुरुस्तीसकट, आणि इतिहासात मात्र मर्ज झाल्याची नोंद राहते. '-एक्स अवर्स' फक्त भिडलेल्या ओळींपुरतं आपलं ठेवतं, पण तेही सगळ्या फाइलींना लागू होतं, म्हणून दुरुस्तीची ओळ भिडली तर तीही जाईल. सरळ त्या एका फाइलला 'गिट चेकआउट --अवर्स' करा, 'गिट अ‍ॅड' करा, बाकीचं हाताने सोडवा.

मर्ज झाल्यावर डिस्क्राइब बघून पुष्कळजण दचकतात. आधी मेनवर व्ही२.४.०-५७-जी३एफ९ए१सी२ यायचं. आता व्ही२.४.१-५८ आणि पुढे नवा हॅश. हे बरोबर आहे. मेनचे ५७ कमिट व्ही२.४.१ मध्ये नाहीत, त्यात मर्ज कमिटची भर पडून ५८. (हॅशआधीचा 'जी' म्हणजे गिट, तो हॅशचा भाग नव्हे.) बिल्ड नंबर डिस्क्राइबवरून काढत असाल आणि त्यात जुन्या रिलीजचे टॅग नको असतील, तर --फर्स्ट-पॅरेंट (फक्त मेनच्या मूळ रांगेने मागे जाणारा पर्याय) लावा.

दोन-तीन रिलीज चालू असतील तर दिशा कायम जुन्याकडून नव्याकडे: व्ही२.३.७ आधी २.४ च्या ब्रांचमध्ये, मग तिथला टॅग मेनमध्ये. उलटं केलंत तर नवी फीचर्स जुन्या रिलीजमध्ये घुसतात.

झालेला मर्ज नंतर रिव्हर्ट केला (त्याचे बदल उलटवले) असेल तर तोच टॅग पुन्हा मर्ज केल्यावर 'ऑलरेडी अप टू डेट' एवढंच उत्तर येतं, कारण वंशावळीत तो आहेच. आधी त्या रिव्हर्ट कमिटचाच रिव्हर्ट करावा लागतो.

शेवटची तपासणी 'गिट मर्ज-बेस --इज-अ‍ॅन्सेस्टर व्ही२.४.१ मेन'. एक्झिट कोड ० म्हणजे टॅग आत आहे, १ म्हणजे नाही. ही ओळ रिलीजच्या सीआय (आपोआप बिल्ड-तपासणी करणाऱ्या) जॉबमध्येच टाकून ठेवा. तिथला क्लोन (कोडची प्रत) शॅलो, म्हणजे फक्त अलीकडचा इतिहास असलेला, असेल तर आधी 'गिट फेच --अनशॅलो --टॅग्ज', नाहीतर अर्धवट इतिहासावर खोटं उत्तर मिळेल.