जिग आणि फ्लाय बांधायला पहिला व्हाइस घेताना : माझा अनुभव

फ्लाय म्हणजे गळावर दोऱ्याने पिसं, केस बांधून केलेलं खोटं आमिष, आणि ते बांधताना गळ घट्ट धरणारा छोटा शेगडा म्हणजे व्हाइस. असा व्हाइस हातात घेऊन, दाबून-फिरवून बघता येईल असं दुकान मला पुण्यात मिळालं नाही. बोहरी आळीत फिटरच्या शेगड्यापासून घड्याळवाल्यांच्या पिन व्हाइसपर्यंत सगळं मिळतं. गळ, रॉड, रीळ विकणारी दुकानंही शहरात आहेत. पण फ्लायचा व्हाइस म्हटलं की ऑनलाइन मागवा, एवढंच उत्तर. म्हणजे फोटो बघून आणि दुसऱ्यांचे अनुभव वाचून पैसे टाकायचे. मी भोसरीला टूलरूममध्ये इन्स्पेक्शनचं काम करते. पोलादाची वस्तू हात न लावता घ्यायची हे मनाला पटेना, म्हणून बरेच दिवस शोधाशोध केली. ती इथे लिहून ठेवते. पुण्यात बसून हे करू पाहणारे आणखी लोक नक्की असतील.

मला जिग बांधायच्या होत्या, म्हणजे शिशाचं डोकं ओतलेल्या गळावरची तशीच आमिषं. पानशेतच्या बाजूला भाऊ आणि मी मरळीसाठी जातो. तिथे पाण्यात बुडालेली झुडपं आणि दगड इतके आहेत की जिग अडकून तुटणं नेहमीचंच. विकतच्या जिग संपत जातात आणि मनासारख्या रंगाच्या मिळत नाहीत. शिवाय महासीर सोडायच्या बोलीवर जिथे परवानगीने धरता येतो, तिथे कधीतरी क्लाउझर मिनो घेऊन जावं हेही डोक्यात होतं. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात सस्क्वेहाना नदीतल्या बास माशांसाठी ती फ्लाय बांधली. डंबेलच्या आकाराचे शिशाचे डोळे गळाच्या दांडीवर बसवले की गळ उलटा होतो, टोक वर राहतं आणि तळाला कमी अडकतं. आपल्याकडच्या दगडधोंड्यांच्या पाण्याला हे अगदी योग्य आहे.

महासीरचा विषय आला की पुण्याच्या माणसाने एक गोष्ट अभिमानाने सांगावी. दख्खनच्या महासीरची, टॉर खुद्रीची, शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केली, ती पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्याची अवस्था आपण रोज पुलावरून बघतो. देहूला इंद्रायणीच्या डोहात लोकांनी श्रद्धेने हे मासे राखले, आणि लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून त्यांची पैदास केली. गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने या दोन्ही ठिकाणांबद्दल कृतज्ञ असावं.

व्हाइसशी याचा थेट संबंध आहे. महासीरचे दात घशात असतात आणि त्याच्या तोंडाचा दाब असा की पातळ तारेचा गळ वाकून जातो. त्यामुळे त्याच्यासाठी गळ जाड तारेचाच लागतो. मरळीच्या जिगचंही तेच. आणि जाड तारेचा गळ घट्ट धरणं, तिथेच स्वस्तातले व्हाइस कमी पडतात.

हे मला कळलं कोथरूडच्या एका काकांकडे. भावाच्या ओळखीतले, निवृत्त, कित्येक वर्षं फ्लाय बांधणारे. फोनवर मी तीन-चार मॉडेलची नावं घेतली, तर म्हणाले, "अगं, व्हाइसचं नंतर बघू. आधी तू कुठले गळ वापरणार ते घेऊन ये."

गळाची डबी घेऊन गेले. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि गळांचे दोन ढीग केले. एकात ८ आणि १० नंबरचे, चिलापीसाठी आणि ओढ्यातल्या बारक्या माशांसाठी. दुसऱ्यात १/० आणि २/० चे जिगहेड. नवख्यांसाठी सांगते, साध्या नंबरात आकडा वाढला की गळ लहान होतो, आणि शून्यवाल्या नंबरात आकडा वाढला की मोठा. जिगच्या गळाची दांडी डोळ्याजवळ, म्हणजे दोरी बांधायच्या छिद्राजवळ, वर वळवलेली असते आणि त्या वळणावर शिशाचं डोकं ओतलेलं असतं. म्हणजे सगळं वजन जबड्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला. दोरा ओढला की त्या वजनासकट गळ खाली फिरायला बघतो.

मोठा ढीग जास्त भरला होता. काका म्हणाले, "तुझं उत्तर इथेच आहे. हा ढीग धरणारा घे. बारके गळ पुढे बघता येतील."

त्यांच्याकडे दोन व्हाइस होते. एक जुना, भारतातच बनलेला, अमेरिकेच्या थॉम्पसन कंपनीच्या ए मॉडेलच्या धर्तीवरचा. परदेशात नवशिक्यांच्या किटमध्ये वर्षानुवर्षं असे भारतीय व्हाइस जात आले आहेत. यात मागची आवळायची दांडी (कॅम) खाली दाबली की जबडा नळीत मागे ओढला जातो आणि मिटतो. दुसरा होता रीगल, स्प्रिंगचा. दांडी दाबली की जबडा उघडतो, सोडली की बंद. गळाच्या जाडीप्रमाणे काही जुळवावं लागत नाही.

काकांनी शिकवलेली परीक्षा फार उपयोगाची आहे. गळ बाकापाशी जबड्यात धरायचा, टोक आणि काटा जबड्याच्या बाहेर ठेवायचा, आणि डोळ्यावर अंगठ्याने खाली दाब द्यायचा. दांडीने लवचीकपणे वाकून परत जागेवर यायला हवं आणि बाक जबड्यात तसूभरही हलता कामा नये. जुन्या व्हाइसमध्ये ८ नंबरचा गळ छान बसला. १/० चा जिगहेड लावला तर कॅमची दांडी कितीही आवळली तरी डोकं हळूहळू खाली येत गेलं. जबडा भिंगाखाली धरला, तर आतल्या बाजूला जुन्या गळांचे चर स्पष्ट दिसत होते. तिथेच माझ्या कामाचा धागा जुळला. गळ हा कडक केलेल्या उच्च कार्बन पोलादाचा असतो. जबडा त्याहून मऊ असेल तर दर वेळी गळच जबड्यात रुततो, आणि एकदा चर पडला की पुढचा गळ त्या चरातच घसरतो. जबडा नीट कडक केलेला आहे का, हा पहिला प्रश्न. बाकी सगळं त्याच्यानंतर.

रीगलने २/० सुद्धा मुकाट धरला. पण रीगल, रेन्झेटी, पीक या अमेरिकी कंपन्यांचे व्हाइस दोनशे डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वरचे, शिवाय पाठवण्याचा खर्च आणि कस्टम ड्युटी. पहिल्या व्हाइसवर एवढा खर्च मला करायचा नव्हता.

रोटरीवर मी बराच विचार केला. खऱ्या रोटरी व्हाइसमध्ये गळाची दांडी फिरण्याच्या अक्षावर बसते, त्यामुळे व्हाइस फिरवला की पीस किंवा शेनील (लवदार दोरी) आपोआप दांडीभर गुंडाळलं जातं. वूली बगर नावाची फ्लाय बांधणाऱ्याला हे सुख आहे. जिगला त्याची तेवढी गरज नाही. जिगला शेपटीचं मॅराबू (मऊ, भुरभुरीत पीस) आणि मानेभोवतीचे केस चारी बाजूंनी सारखे बसलेत का हे बघावं लागतं, आणि त्यासाठी जबडा नुसता वळवून पलीकडची बाजू दिसली तरी भागतं. माझं मत असं की रोटरीसाठी जे जास्तीचे पैसे लागतात ते पहिल्या वेळी जबड्याच्या पोलादावर खर्च करावेत.

मग बैठकीचा प्रश्न. टेबलाच्या कडेला आवळायचा सी-क्लॅम्प घट्ट बसतो, हलका असतो, आणि प्रवासात सोयीचा. पण आमच्या घरी जेवणाचं टेबल काचेचं आणि ओट्याच्या ग्रॅनाइटला पुढे जाड गोलाई. क्लॅम्प लावायला धड कड कुठेच नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांचं हेच असेल, तेव्हा मागवण्याआधी कड मोजा. मी वजनी पायाचा घ्यायचं ठरवलं.

शेवटी घेतला तो साधा, कॅमच्या दांडीचा, वळणाऱ्या जबड्याचा, पायावर उभा राहणारा. जबडा कडक केलेला असल्याचं विक्रेत्याने लेखी कळवलं आणि परत घ्यायची मुदत दिली, म्हणूनच घेतला. पार्सल आल्या दिवशी जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर बारीक कानस हलकेच फिरवून बघितली. मऊ लोखंडावर कानस चावते, कीस निघतो. इथे ती काचेवरून गेल्यासारखी सरकली. मग १/० चा जिगहेड लावून काकांची परीक्षा घेतली. गळाची दांडी वाकली, सुटली, बाक जागच्या जागी. कॅम आवळताना जबड्याचा मागचा स्क्रू गळाच्या जाडीप्रमाणे आधी जुळवून घ्यावा लागतो. तो न जुळवता नुसता दांडीवर जोर लावला तर चांगला जबडाही खराब होतो.

पाया मात्र हलका निघाला. जोरात दोरा ओढला की अख्खा व्हाइस पुढे सरकायचा. कारखान्यात परवानगी घेऊन भंगारातली १५० बाय १०० मिलिमीटरची, २० मिलिमीटर जाडीची एमएस (साध्या मऊ पोलादाची) प्लेट घेतली, दोन भोकं पाडून आटे मारले आणि पाया तिच्यावर बसवला. सव्वादोन किलोच्या वर वजन झालं. खाली रबर चिकटवलं. आता २१० डेनियरचा दोरा अगदी तुटेपर्यंत ओढला तरी व्हाइस हलत नाही.

पहिली जिग पांढऱ्या मॅराबूची आणि चमकीच्या चार तारांची. शिशाच्या डोक्यामागे दोऱ्याचा पाया घालताना मुद्दाम जास्त ओढून बघितलं. डोकं खाली झुकलं नाही, दोरा वेढ्याला वेढा लागून बसत गेला. ते बघताना झालेला आनंद शब्दांत सांगणं अवघड आहे. डोक्यावर घरातलंच लाल नेलपेंट दिलं.

पिसांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. कोंबडीची पिसं चिकनच्या दुकानात मिळतात, धुवून वाळवून वापरा. आपोआप गळलेलं मोरपीस चालतं, त्यासाठी मोराला इजा होता कामा नये आणि ते देशाबाहेर पाठवायचं नाही. पण सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसं कोणी देऊ केली तर घेऊ नका. सॅमन फ्लायसाठी त्या पिसांना जगभर मागणी होती आणि त्यापायी पक्षी मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. आपल्याच डोंगरातला तो पक्षी आहे. तसंच धरणांवर मासेमारीचे ठेके बहुधा सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा विचारूनच गळ टाका.

व्हाइसमधून वाचलेल्या पैशांत सिरॅमिक नळीची बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरून नळीतून दोरा सोडणारं साधन) घ्या. गळ हलत नसताना दोरा सारखा तुटत असेल तर बॉबिनच्या नळीच्या तोंडावरून कापूस फिरवून बघा. तंतू अडकले तर नळीची कड खरखरीत आहे, दोष तिचा. तुटलेल्या दोऱ्याची दुसरी जागा म्हणजे गळाचं उघडं टोक. दोरा खालून आणताना हात थोडा लांबून फिरवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.