कोळी अजून आहे का?

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

जुनं सोशल मीडियाचं खातं बंद केलं त्याला आज तीन आठवडे झाले. १२ वर्षांच्या पोस्टची झिप फाइल उतरवून घेतली आहे, ती उघडायचा धीर अजून होत नाही. का सोडलं ते पुन्हा उगाळत नाही. ज्यांचं लिहिलेलं वाचायला जायचे ती माणसं हळूहळू दिसेनाशी झाली आणि समोर भलतेच लोक भांडत राहिले, एवढं पुरे.

मॅस्टोडॉन नावाच्या सोशल नेटवर्कवर आले ती बिचकतच. ते एका कंपनीच्या हातात नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरवर चालतं. आधी सर्व्हर निवडा म्हणतात, तिथेच दोन दिवस अडले. मग लक्षात आलं, हे ईमेलसारखं आहे. खातं कुठल्याही सर्व्हरवर काढा, बाकीच्यांशी बोलता येतं. अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम, त्यांना जोडतो. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ साली मान्यता दिलेला. पुढे सर्व्हर बदलावासा वाटला तर फॉलोअर सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. तरी जिवाला बरं वाटलं. पुन्हा एकाच दारात अडकून पडायचं नव्हतं मला.

पहिला आठवडा जड गेला. इथे कुणी माणसं आणून पुढ्यात उभी करत नाही, हॅशटॅग धुंडाळत आपणच जायचं. रात्री चार पोस्ट वाचून संपायच्या आणि अंगठा सवयीने स्क्रीन खाली ओढत राहायचा. फार एकटं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मंगळवारी एका कोळ्याच्या जाळ्याचा फोटो टाकला, पाऊस थांबल्यावर खिडकीशी काढलेला. थोड्या वेळाने एकीने लिहिलं, ‘मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडर वापरते. फोटोत काय आहे, सांगाल का?’

स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर; फोटोसोबत वर्णन लिहिलं तर तेही वाचतं. इतकी वर्षं फोटो टाकले, हे एकदाही मनात आलं नव्हतं. पोस्ट एडिट करून वर्णन लिहायला बसले. ‘जाळं, त्यावर पाण्याचे थेंब.’ खोडलं. फोटो मोठा करून पाहिला. डावीकडचे तीन धागे तुटलेले. मधोमध थेंब मोहरीएवढे, कडेला टपोरे. आणि कोळी जाळ्यावर नव्हताच, वरच्या काडीखाली अंग चोरून बसला होता. फोटो मीच काढलेला, पण तो मला तेव्हा दिसलाच नव्हता. ते सगळं लिहिलं.

तिने लगेच विचारलं, ‘तो बाहेर का बसलाय?’ मला काय माहीत! तेवढ्यात तिसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं. काही कोळी कडेला लपतात आणि एक पाय धाग्यावर टेकवून ठेवतात. जाळ्यात काही अडकलं की धागा थरथरतो, त्याला कळतं. मग आम्ही तिघं तासभर कोळ्यांवरच बोलत होतो. किती जणांनी पसंत केलं ते बघायचं मला सुचलंही नाही.

आज संध्याकाळी तिचा मेसेज: ‘कोळी अजून आहे का?’

आत्ताच टॉर्च घेऊन बघून आले. जाळं नवं विणलंय, तुटका धागा एकही नाही. तो त्याच काडीखाली, पुढचा पाय धाग्यावर. तिला एवढं कळवते आणि झोपते.